‘कबूल’ म्हटल्यानंतरचे कागद



आमच्याकडच्या निकाहाला वेळ फार थोडा लागतो. मांडव घालायला, पाहुण्यांचे रुसवेफुगवे काढायला आणि बिर्याणीची देग उतरायला लागतो तो वेळ वेगळा. प्रत्यक्ष निकाह पाच-सात मिनिटांचा. वकील म्हणून घरातलं एक वडीलधारं माणूस दोन साक्षीदार घेऊन मुलीकडे जातं, मुलाचं नाव सांगतं, मेहेर किती ठरलं ते सांगतं आणि तिला विचारतं. ती ‘कबूल’ म्हणते. मग बाहेर काझीसाहेब खुतबा पढतात, मुलगाही ‘कबूल’ म्हणतो, रजिस्टरात सह्या होतात आणि खजूर वाटले जातात. आमच्या शरीयतीप्रमाणे निकाह हा करार आहे आणि करार म्हटला की त्यात दोन पक्ष असतात.

पण मुलगा किंवा मुलगी दुसऱ्या देशाची नागरिक असली की या करारात एक तिसरा पक्ष येऊन बसतो. त्याने लग्नाला हजेरी लावलेली नसते, खजूरही खाल्लेला नसतो. तो म्हणजे त्या देशाचं सरकार. या तिसऱ्या पक्षाने ‘कबूल’ म्हणायला कधी काही आठवडे लागतात, कधी काही वर्षं, आणि कधी कधी तो ते म्हणतच नाही.

आकाशवाणीच्या मित्रांनी हा विषय दिला तेव्हा ते म्हणाले, जरा मार्गदर्शनपर बोला. मी वकील नाही. बी. ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस आहे. पण कोकणातल्या मुसलमानाला हा विषय पुस्तकातून शिकावा लागत नाही. आमच्या खाडीकाठच्या गावांत असं घर सापडणं कठीण, की ज्यातलं कोणी ना कोणी समुद्रापलीकडे गेलेलं नाही. कोणी जहाजावर खलाशी म्हणून गेला, कोणी आफ्रिकेत, कोणी विलायतेत, आणि अलीकडच्या पन्नासेक वर्षांत आखातात. पुरुष गेले. बायकांचं काय झालं, ही गोष्ट मात्र कागदांत आहे. त्यातले काही कागद मी पाहिले आहेत.

ही गोष्ट सुरू करायची तर बाई मरियमपासून करावी लागते.

दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या हसन इसप या भारतीयाने हिंदुस्थानात येऊन बाई मरियमशी निकाह केला होता. पुढे तो तिला आपल्या घरी न्यायला निघाला, तर तिथल्या अधिकाऱ्यांनी तिला देशात घ्यायला नकार दिला. प्रकरण केपटाऊनच्या न्यायालयात गेलं. १४ मार्च १९१३ रोजी न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला. ज्या धर्मात एकाहून अधिक बायका करायला मुभा आहे, त्या धर्माच्या रीतीने झालेलं लग्न इथला कायदा लग्न मानत नाही, असा त्याचा सारांश होता. हसनची बायको एकच होती. पण त्या एकीलाही कायद्याने बायको मानलं नाही.

या निकालाचा घाव एका मुसलमान जोडप्यावर पडला, असं वरवर वाटतं. प्रत्यक्षात तो सगळ्यांवर पडला. हिंदूंची लग्नंही ख्रिस्ती पद्धतीची नव्हती, पारशांचीही नव्हती आणि सरकारी रजिस्टरात कोणी नाव घातलेलं नव्हतं. म्हणजे सप्तपदी केलेलीही बायको नाही आणि निकाह झालेलीही नाही. गांधीजी तेव्हा तिथेच होते. दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहाचा इतिहास त्यांनी पुढे लिहिला, त्यात या निकालाविषयी लिहिलं आहे. तोवर सत्याग्रहात पुरुषच तुरुंगात जात होते. या निकालानंतर बायका पुढे आल्या. सप्टेंबर १९१३ मध्ये फिनिक्सच्या आश्रमातून सोळा जणांची तुकडी निघाली. तिच्यात चार स्त्रिया होत्या आणि त्यांतल्या एक कस्तुरबा. परवान्याशिवाय नाताळची हद्द ओलांडून त्या ट्रान्सवालमध्ये शिरल्या आणि त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. वलिअम्मा नावाची सोळा वर्षांची तमिळ मुलगी याच लढ्यात तुरुंगात गेली, आजारी होऊन बाहेर आली आणि २२ फेब्रुवारी १९१४ रोजी वारली. लढ्यात आणखी मागण्या होत्या, गिरमिटातून सुटलेल्यांवर लादलेला तीन पौंडांचा कर हे तर मोठं कारण होतं. पण बायकांना घरातून बाहेर काढलं ते लग्नाच्या प्रश्नाने. आपण नवऱ्याच्या कोण, हे सरकारने ठरवायचं, ही गोष्ट त्यांना सहन झाली नाही.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचा या गोष्टीशी आणखी एक धागा आहे. १९१२ साली ऑक्टोबरात नामदार गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले होते. गोपाळ कृष्ण गोखले जन्माने कोतळूकचे, आजच्या गुहागर तालुक्यातले. पुढच्या वर्षी लढा पेटला तेव्हा प्रकृती बरी नसतानाही त्यांनी इथून त्याच्यासाठी पैसा उभा केला. शाळेत आम्हाला गोखल्यांचा धडा होता. त्यात त्यांच्या प्रामाणिकपणाची गोष्ट होती, बाई मरियमची नव्हती.

१९१४ साली तिथे ‘इंडियन्स रिलीफ ॲक्ट’ आला. तीन पौंडांचा कर गेला आणि एक पत्नी व तिची मुलं यांना मान्यता मिळाली. ही तडजोड होती. पण दार उघडलं.

आता केपटाऊनच्या आमच्या माणसांकडे येतो. कोकणातून तिकडे माणसं जाऊ लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. ती गिरमिटावर गेलेली नव्हती. पदरचं तिकीट काढून गेलेल्या अशा लोकांना तिकडे ‘पॅसेंजर इंडियन’ म्हणत. नाव भारदस्त, पण त्यांतले बहुतेक मजूर, फेरीवाले आणि छोटे दुकानदार होते. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही तिकडे स्वतःला ‘कोकनी’ म्हणवतात. केप वसाहतीने १९०६ मध्ये कायदा केला. नव्याने येणाऱ्याला एक युरोपीय भाषा लिहिता आली पाहिजे, अशी अट घातली. आधीपासून राहणाऱ्याला गावी यायचं असेल तर त्याने परवाना काढायचा. त्या परवान्यावर फोटो आणि बोटांचे ठसे असत. ठरलेल्या मुदतीत परतलं नाही की आधीची सगळी वर्षं वाया. हे परवाने तिथल्या पुराभिलेखागारात आजही आहेत. डोक्याला फेटा, अंगात कोट आणि कॅमेऱ्याकडे घाबरून पाहणारी आमची माणसं त्यांत आहेत.

तर हा माणूस मुदतीचा परवाना घेऊन गावी यायचा, निकाह करायचा, काही महिने राहायचा आणि परत जायचा. बायको गावी राहायची. तिला तिकडे न्यायचं तर खर्च होता, कागद होते, आणि घरी म्हातारी माणसं व शेतीही होती. १९२७ नंतर नियम असा झाला की मुलांना तिकडे न्यायचं तर आईसह न्यावं लागे आणि नवरा तीन वर्षांहून अधिक काळ बाहेर राहिला तर त्याचा स्वतःचाच हक्क जाई. काहींनी बायका नेल्या. बरेच जण ‘पुढच्या खेपेला’ म्हणत राहिले.

१९५३ साली ती पुढची खेप संपली. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने कायदा करून हिंदुस्थानातून येणाऱ्या पत्नींना आणि मुलांना देश बंद केला. वर्णभेदाच्या धोरणाविरुद्ध भारताने १९४६ मध्येच त्या देशाशी व्यापार तोडला होता आणि पुढे आपल्या पासपोर्टावर ‘दक्षिण आफ्रिकेसाठी वैध नाही’ असं छापलेलं असे. आपली भूमिका योग्यच होती. पण दोन सरकारांच्या मधल्या पाण्यात ज्यांची घरं होती, त्यांना दोन्ही काठ दूर झाले.

माझी एक चुलत दादी होती. गावात तिला ‘केपवाल्याची बायको’ म्हणत. नवरा तीनदा आला आणि गेला. पैसे यायचे, घराला मंगलोरी कौलं चढली, अंगणात विहीर झाली. त्याने तिकडेही घर केलं आहे, असं मोहल्ल्यात बोललं जाई. ती त्यावर कधी एक शब्द बोलली नाही. तिच्या ट्रंकेत एक फोटो होता. डोक्यावर पदर आणि नजर कॅमेऱ्याकडे नाही, बाजूला कुठेतरी. आम्ही मुलं विचारायचो, दादी, हा कधी काढलात? ती सांगायची, ‘अर्जासाठी.’ त्या काळात आमच्याकडच्या बाईने फोटो काढणं सोपं नव्हतं. सासऱ्यांची परवानगी, बैलगाडी, मग होडी, मग शहरातला स्टुडिओ, असा सगळा प्रवास करून तिने तो काढला होता. अर्ज कधी गेलाच नाही. तिच्या हयातीत तिचा तेवढा एकच फोटो निघाला. ती वारल्यावर आम्ही तो मोठा करून घेतला.

आता एक बातमी सांगतो, जी आपल्याकडे फारशी कोणी वाचली नाही. दक्षिण आफ्रिका लोकशाही देश झाला १९९४ मध्ये. २०१४ साली तिथल्या शंभराहून अधिक इमामांना सरकारी विवाह अधिकारी नेमलं गेलं. आणि २८ जून २०२२ रोजी तिथल्या घटना न्यायालयाने निर्णय दिला, की मुस्लिम रीतीने झालेल्या लग्नांना विवाह आणि घटस्फोटाच्या कायद्यांत स्थान नाही, ही गोष्ट घटनाविरोधी आहे. यातला प्रश्न मुख्यतः तलाकनंतरच्या स्त्रीच्या आणि मुलांच्या हक्कांचा होता. त्याप्रमाणे घटस्फोटाच्या कायद्यात दुरुस्ती झाली २०२४ मध्ये. बाई मरियमच्या निकालापासून मोजलं तर १०९ वर्षांनी तिच्या निकाहाला त्या देशात घटनेचा आधार मिळाला.

आता विलायतेकडे वळतो, कारण हल्ली आमच्या मुली तिकडे जातात. तिथला इतिहासही फार सभ्य नाही. १९७० च्या दशकात तिथे असा नियम होता की वाग्दत्त वधूला व्हिसा न काढता देशात जाता येई, तीन महिन्यांत लग्न केलं की झालं. लग्न झालेल्या बायकोला मात्र आधी परवानगी काढावी लागे आणि तिची रांग लांबलचक होती. त्यामुळे ‘मी वाग्दत्त आहे’ म्हणणारी मुलगी खरं तर आधीच लग्न झालेली असेल, असा संशय विमानतळावरचे अधिकारी घेत. १९७९ च्या जानेवारीत लंडनच्या हीथ्रो विमानतळावर ३५ वर्षांच्या एका भारतीय शिक्षिकेची या संशयापोटी कौमार्य तपासणी झाली. रेडिओवर याहून जास्त सांगण्याची गरज नाही. फेब्रुवारीच्या पहिल्याच दिवशी ‘गार्डियन’ने ते छापलं, भारतात संताप उसळला आणि तो प्रकार बंद झाला. बंद झाला म्हणजे विमानतळावरचा एक प्रकार उघडकीला आला, एवढंच तेव्हा लोकांना वाटलं. २०११ मध्ये जुनी कागदपत्रं संशोधकांनी पाहिली, तेव्हा कळलं की भारतातल्या ब्रिटिश कार्यालयांतही हे होत होतं आणि अशा स्त्रियांची संख्या किमान ८० होती. त्या बायकांनी घरी येऊन कोणाला सांगितलं असेल? मला वाटतं, कोणालाच नाही.

त्यानंतर १९८० च्या दशकात आला ‘मुख्य हेतू’चा नियम. म्हणजे परदेशी नवरदेवाने असं सिद्ध करायचं, की लग्नामागचा त्याचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये स्थायिक होणं हा नाही. आता पाहा, घरच्यांनी ठरवलेलं लग्न. मुलगी बर्मिंगहॅमला, मुलगा चिपळूणला. लग्न झाल्यावर दोघांनी कुठेतरी एकत्र राहायचंच आहे. मुलगा म्हणाला, मी तिच्याकडे जाणार, तर हेतू उघड झाला! म्हणाला, मी जाणार नाही, तर व्हिसा कशाला हवा? नसलेल्या हेतूचा पुरावा माणूस कुठून आणणार? १९८५ च्या मे महिन्यात तीन स्त्रिया या नियमांविरुद्ध युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात जिंकल्या. तिथे स्थायिक झालेला पुरुष बायकोला सहज आणू शकतो आणि तशीच स्त्री नवऱ्याला आणू शकत नाही, हा भेदभाव आहे, असं न्यायालयाने म्हटलं. सरकारपुढे दोन वाटा होत्या. पुरुषांची सवलत बायकांना द्यायची, किंवा बायकांपुढची अडचण पुरुषांपुढेही ठेवायची. सरकारने दुसरी वाट धरली. ‘मुख्य हेतू’ची परीक्षा त्याच वर्षी येणाऱ्या बायकांनाही लागू झाली. शेवटी जून १९९७ मध्ये नवं सरकार आल्यावर तो नियम रद्द झाला.

हेतूचा प्रश्न गेला आणि पगाराचा आला. जुलै २०१२ पासून अट झाली की ब्रिटनमधल्या जोडीदाराचं उत्पन्न वर्षाला किमान १८ हजार ६०० पौंड हवं. ११ एप्रिल २०२४ पासून ते २९ हजार पौंड झालं. इकडून जाणाऱ्याची इथली कमाई त्यात धरत नाहीत. पगार कमी पडत असेल तर बँकेत शिल्लक दाखवायची, आणि ती पगाराशिवाय एकट्याने पुरायची असेल तर ८८ हजार ५०० पौंड, सहा महिने न हलवता. ज्याच्याजवळ एवढी रक्कम पडून आहे, त्याला मुळात अडचण कसली?

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न झालं २०२४ च्या डिसेंबरात. मुलगा तिकडे जन्मलेला. त्याचे आजोबा आमच्या शेजारच्या गावातून खलाशी म्हणून गेले होते. तो बसच्या डेपोत कामाला आहे आणि त्याचा पगार त्या २९ हजारांच्या काठावर होता. सहा महिन्यांच्या पगारपत्रकांत आकडा बसला पाहिजे म्हणून तो त्या काळात एकही बिनपगारी रजा न घेता राबला. निकाहाला आला तोही हक्काच्या रजेवर, मोजून बारा दिवस.

मग फाईल सुरू झाली. भाची इथे शाळेत इंग्रजी शिकवत होती. तरी तिला इंग्रजीची परीक्षा द्यावी लागली. आपली पदवी इंग्रजीतून झाली हे पटवणारे कागद गोळा करण्यापेक्षा परीक्षा देणं सोपं, असा तिने हिशेब केला. क्षयरोग नाही याचा दाखला मुंबईला जाऊन घेतला. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी वर्षाला १ हजार ३५ पौंड आगाऊ भरावे लागतात. पहिला व्हिसा ३३ महिन्यांचा, पण पैसे तीन वर्षांचे. म्हणजे तीन लाखांहून अधिक रुपये, आणि अर्जाची फी वेगळी. मेहेर त्याहून कमी ठरलं होतं.

पैशांचं कसं तरी जमलं. खरी पंचाईत पुढे होती. नातं खरं आहे, हे दाखवायचं होतं. इंग्रजीत त्यासाठी जे दोन शब्द आहेत, त्यांचा अर्थ ‘खरं’ आणि ‘चालू असलेलं’. ‘चालू’ हा शब्द मराठीत किती धोक्याचा, ते तुम्ही जाणता. भाची माझ्याकडे आली. म्हणाली, ‘मामू, आमची ओळख कशी झाली, लग्न कसं ठरलं, हे सगळं लिहून द्यायचंय. तुम्ही कवी आहात, तुम्हीच लिहा ना.’

मी म्हटलं, ‘बेटा, म्हणूनच मी लिहिणार नाही. तू लिही. मी विशेषणं काढून टाकीन.’

आणि तेच केलं. तिने लिहिलं होतं, आमची पहिली भेट अविस्मरणीय झाली. मी म्हटलं, अविस्मरणीय सोडून दे, तारीख लिही, घर कोणाचं होतं ते लिही, तुझी अम्मी तिथे बसली होती ते लिही. चहा सांडला होता ना? तेही लिही. तपासणारा माणूस दिवसभर अशी निवेदनं वाचत असणार. त्यातल्या प्रत्येकात प्रेम अथांग असणार. सांडलेला चहा मात्र प्रत्येकात नसणार. ठरवून झालेल्या लग्नातही प्रेम असतं, पण ते वेगळ्या जागी असतं. ते मुलीच्या बोलण्यात सापडत नाही. तो बारा दिवसांच्या रजेत तिच्या आजारी दादाजींना घेऊन दवाखान्यात गेला होता, तिथे सापडतं. त्या दवाखान्याची पावतीही आम्ही जोडली.

फोटोंची वेगळीच गंमत. निकाहाच्या फोटोत मुलाच्या तोंडावर सेहरा. फुलांच्या माळांमागे कोण आहे, ते अल्लाला ठाऊक. मुलीच्या फोटोत ओढणी कपाळाच्या खाली आणि मान छातीला टेकलेली. दोघांचा चेहरा एकत्र दिसेल असा फोटो शोधला, तर सापडला तो जेवणाच्या पंगतीतला. त्यात दोघांच्या हातात हाड आणि मागे माझा भाऊ पाण्याचा जग घेऊन उभा. तोच सगळ्यांत वर लावला.

मोबाईलवरच्या रोजच्या बोलण्याचे नमुनेही जोडायचे होते. त्यातलं काय द्यायचं, ते तिचं तिने निवडलं. मामूने ते वाचावं, अशी तिची इच्छा नव्हती आणि माझीही नव्हती. पण एक पान टेबलावर राहिलं होतं, ते दिसलं. ‘जेवलीस?’ ‘हो. तू?’ ‘ड्युटीवर आहे.’ ‘थंडी?’ ‘खूप.’ तीस-चाळीस दिवस हेच. मी चाळीस वर्षं कविता लिहितो आहे. त्या पानावरचा एकही शब्द मला बदलावासा वाटला नाही.

नावाचा घोळ तर प्रत्येक मराठी घराच्या ओळखीचा आहे. आपल्याकडे नाव, बापाचं नाव, आडनाव, असा शिरस्ता. मुसलमान असलो तरी आम्ही महाराष्ट्रातले, आमचंही तसंच. लग्नानंतर बापाच्या जागी नवरा येतो. पासपोर्टावर बापाचं नाव, निकाहनाम्यात उर्दू लिपीतलं नाव, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच स्पेलिंग. तिकडच्या माणसाला प्रश्न पडतो की या बाईच्या मधल्या नावात हा पुरुष कोण? तेव्हा मुलीच्या वडीलधाऱ्यांना माझं सांगणं आहे की नुसत्या निकाहनाम्यावर विसंबू नका. महाराष्ट्रात विवाहनोंदणीचा १९९८ चा कायदा आहे. गावात ग्रामसेवकाकडे आणि शहरात नगरपालिकेत नोंद होते. निकाहाला आठ-पंधरा दिवस झाले नाहीत तोच ती करून घ्या, आणि नावाचं स्पेलिंग पासपोर्टाप्रमाणेच घाला. पुढे तो दाखला मंत्रालयातून आणि मग परराष्ट्र मंत्रालयाकडून प्रमाणित करून घेता येतो.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. आपल्या गावातल्या मशिदीत, आपल्या काझीसमोर झालेला निकाह भारताच्या कायद्याने वैध आहे, म्हणून तो लंडनमध्येही लग्न मानला जातो. पण लंडनमधल्याच एखाद्या हॉलमध्ये, इमामासमोर, हजार माणसांच्या साक्षीने केलेला निकाह तिथल्या नोंदणीशिवाय कायद्याचं लग्न ठरत नाही. २०२० च्या फेब्रुवारीत तिथल्या अपील न्यायालयाने हे स्पष्ट केलं. अशा निकाहानंतर नवरा सोडून गेला तर बायकोला घटस्फोटाचा अर्जही करता येत नाही, कारण कायद्याच्या नजरेत लग्नच झालेलं नसतं. तेव्हा ‘आधी टुरिस्ट म्हणून ये, इथेच निकाह उरकू’ असं मुलाकडचे म्हणाले तर ऐकू नका. साध्या पर्यटक व्हिसावर तिथे लग्न करायला परवानगी नाही. तिकडेच लग्न करायचं तर त्यासाठीचा वेगळा व्हिसा आधी काढावा लागतो आणि तिथल्या रजिस्ट्रारकडे नोंदवलेलं लग्न करावं लागतं. इतर देशांत आपल्या वकिलातीत १९६९ च्या परदेशी विवाह कायद्याखाली लग्न करण्याची सोय आहे. एकजण भारतीय नागरिक असला पाहिजे आणि तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. मात्र तिथल्या देशाचा कायदा आड येत नाही ना, ते आधी विचारावं.

हे सगळं परक्या सरकारांबद्दल बोललो. आपलं सरकार काय करतं, हेही सांगायला हवं. भारतीयाशी लग्न केलेल्या परदेशी जोडीदाराला, लग्नाची नोंद होऊन दोन वर्षं संसार झाला की ओसीआय कार्ड मागता येतं. ही सोय चांगली आहे. पण जोडीदार कधीही पाकिस्तानचा किंवा बांगलादेशाचा नागरिक असेल तर ती नाही. पाकिस्तानातून इथे नांदायला आलेल्या मुली वर्षानुवर्षं दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामला निरपराध माणसं मारली गेली आणि सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले. दीर्घ मुदतीचे वगळले, हे बरं केलं. पण त्या दिवसांत अटारीच्या फाटकावर अशा बाया उभ्या होत्या, की ज्यांचा स्वतःचा पासपोर्ट भारतीय आणि कडेवरच्या पोराचा पाकिस्तानी. पोराला जायला मुभा, आईला नाही. ज्यांनी पहलगाममध्ये आपला माणूस गमावला, त्यांचं दुःख मोठं आहे, त्याच्याशी कशाची तुलना करायची नाही. तरी त्या फाटकावरच्या आईला मी विसरू शकत नाही.

भाचीचा व्हिसा आला. काही आठवडे वाट पाहावी लागली, बहिणीने नवस बोलले, आणि एका दुपारी आला. आता ती तिकडे आहे. पण ३३ महिने झाले की पुन्हा अर्ज, मग आणखी ३० महिने, आणि पाच वर्षांनी कायमचं राहण्याचा अर्ज. प्रत्येक वेळी नातं खरं आणि ‘चालू’ आहे हे दाखवायचं. त्यासाठी एका पत्त्यावर दोघांच्या नावाने आलेली पत्रं लागतात. परवा तिचा फोन आला होता. विजेचं बिल नवऱ्याच्या नावावर आहे, पाण्याचं तिने दोघांच्या नावावर करून घेतलं. त्यावर तिच्या नावातलं एक अक्षर चुकलं, म्हणून दोनदा पत्र लिहिलं. नगरपालिकेच्या कराची पावती, दवाखान्याची चिठ्ठी, ग्रंथालयाचं कार्ड, सगळं तारखेप्रमाणे लावून ठेवते आहे. मी विचारलं, ‘तिकडे करमतं का?’ तर म्हणाली, ‘करमतं, मामू. तो रात्रपाळीला असला की मी फाईल लावत बसते.’